चार सॉसेज, सहा माणसं

शेजारच्या आजी घर विकून दोन मैलांवरच्या वृद्धांसाठीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मागच्या अंगणातल्या भिंतीवरून मला एक भांडं दिलं. इंग्लंडातल्या हॅलिफॅक्समधल्या आमच्या घरांच्या रांगेत सगळ्यांच्या भिंती कमरेएवढ्याच आहेत. साखर, शिडी, कुरिअरची पार्सलं, कोण आजारी आणि कुणाचं घर विकायला निघालंय, हे सगळं भिंतीवरूनच इकडचं तिकडे होतं. भांडं इनॅमलचं होतं. लांबट चौकोनी, चार बोटं खोल, पांढरं, काठाला निळी रेघ. कोपऱ्यांवरचे टवके उडून आतलं काळं लोखंड दिसत होतं. आमच्या कोल्हापूरच्या घरी मोरीत असंच एक टमरेल होतं, त्याची आठवण आली. पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

"तुला उपयोगी पडेल, लव्ह," त्या म्हणाल्या. यॉर्कशायरात बसचा ड्रायव्हरसुद्धा तुम्हाला लव्ह म्हणतो, तेव्हा हुरळून जाण्यासारखं त्यात काही नाही. "माझ्या आईचं आहे. नव्या घरात ओव्हन बाहुलीच्या घरातल्यासारखा आहे, त्यात हे मावायचं नाही."

भांड्यात एक जाड कागद होता. तेलाने पारदर्शक झालेला, मधोमध घडी पडून फाटायला आलेला. वर आजींच्या आईच्या तिरप्या अक्षरात नाव: टोड इन द होल. म्हणजे बिळातला बेडूक.

माझी नऊ वर्षांची लेक मागून डोकावली आणि म्हणाली, "हे आम्हाला शाळेत जेवायला असतं, बाबा. पण शाळेतलं खालून ओलं असतं."

गेली अकरा वर्षं मी या देशात आहे, आणि हा पदार्थ मी कधी घरी केला नव्हता. पबच्या फळ्यावर नाव वाचून पुढे जायचो. दाताखाली खडा आल्यासारखा 'बेडूक' या शब्दाशी मी थबकत असे. वास्तविक बेडूक त्यात औषधालाही नसतो. मैदा, अंडी आणि दूध यांचं पातळ पीठ, त्यात सॉसेज, आणि हे सगळं कडक ओव्हनमध्ये फुगवून भाजलेलं. फुगलेल्या पिठाच्या खळग्यांतून सॉसेजची टोकं बाहेर डोकावतात, म्हणून ते बिळातले बेडूक. इंग्रजांना बेडकांचं तसंही वेड होतं. दगड फोडला की आत जिवंत बेडूक सापडतो, अशी त्यांच्याकडे जुनी समजूत. विल्यम बकलंड नावाच्या ऑक्सफर्डच्या भूवैज्ञानिकाने ती तपासून बघायला 1825 साली चोवीस बेडूक दगडांच्या ठोकळ्यांत कोंडून बागेत पुरले होते आणि वर्षाने उकरून काढले. बहुतेक बिचारे मेलेच होते. या गृहस्थांना जमेल तो प्राणी खाऊन बघायचाही नाद होता, पण ते असो.

कागदावरची पाककृती सहा ओळींची होती. मैदा 4 औंस. अंडी 2. दूध आणि पाणी मिळून अर्धा पाइंट. मीठ. सॉसेज, आणि पुढे आकडा खोडून पुन्हा लिहिलेला: 4. शेवटची ओळ, 'हॉट ओव्हन'. किती हॉट, किती वेळ, काही नाही. आमच्या आईची वही अशीच आहे. 'अंदाजे', 'आवडीप्रमाणे', 'झालं की उतरवावे'. झालं हे कसं ओळखायचं, ते ज्याला येतं त्यालाच कळावं अशी सोय. औंस-पाइंटचा हिशोब केला: मैदा साधारण 115 ग्रॅम, दूध-पाणी 284 मिलीलिटर. समासात वेगळ्या शाईने बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. एका अंड्याऐवजी एक सपाट मोठा चमचा पूड, दोन चमचे पाणी.

ही पूड म्हणजे सुकं अंडं. दुसऱ्या महायुद्धात 1942 पासून ते अमेरिकेतून पुड्यांनी आणि डब्यांनी येऊ लागलं. एका पुड्यात बारा अंड्यांची पूड, ती मोठ्या माणसाला चार आठवड्यांतून एक. ताजं अंडं मिळालंच तर आठवड्याला एक. मटण किती वजनाचं घ्यायचं ते रेशनवर ठरत नसे, किती पैशांचं घ्यायचं ते ठरत असे. सॉसेज मात्र रेशनमध्ये नव्हते. अर्थात त्यामुळे ते मिळत होते असं नाही. खाटकापुढे रांग लागायची आणि मिळालेल्या सॉसेजमध्ये मांसापेक्षा पावच जास्त असायचा. हे सगळं मला त्या समासातल्या ओळीमुळे शोधावं लागलं. आजींचा जन्म 1938 चा. म्हणजे पहिलं सुकं अंडं घरात आलं तेव्हा त्या चार वर्षांच्या, आणि 4 जुलै 1954 ला रेशन एकदाचं संपलं तेव्हा सोळा वर्षांच्या. अख्खं लहानपण कुपनांवर.

आता मला एक अडचण झाली. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. हे भांडं परत करायचं नव्हतं, तरी ते रिकामं आपल्याकडे पडून आहे हे मला टोचत राहिलं. त्यात एकदा हा बेडूक करायचा आणि आजींना बोलावून खाऊ घालायचा, असं मी ठरवलं.

पहिला प्रयत्न मी त्यांच्या भांड्यात केला नाही. जुनी वस्तू, खराब होईल म्हणून काचेचं भांडं घेतलं. ही पहिली चूक. सॉसेज आणि तेल एकदमच घातलं, ओव्हन दहा मिनिटं तापवला, पीठ ओतलं. ओतताना आवाज झाला नाही, तेव्हाच खरं तर मला कळायला हवं होतं. फोडणीत मोहरी घातली आणि ती गप्प बसली, तर आपल्याकडे लहान पोरालाही कळतं की तेल तापलेलं नाही. पण ओव्हन म्हटलं की माझी अक्कल दाराबाहेर राहते. माझ्या लहानपणी आमच्या घरात ओव्हन नव्हताच. दिवाळीच्या आधी नानकटाईचं पीठ मळून, गोळे थापून, पत्र्याच्या ट्रेमध्ये लावून आम्ही गल्लीच्या टोकाच्या बेकरीत भाजायला न्यायचो. भट्टीचं काम भट्टीवाल्याचं, आपण फक्त ट्रेवर खूण करायची. इंग्लंडातही गरिबाच्या घरी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी चांगली भट्टी नसे. रविवारचं जेवण पाववाल्याच्या भट्टीत भाजून आणायची पद्धत इथेही होती, हे नंतर कळलं तेव्हा बरं वाटलं.

तर पीठ ओतलं, आणि दर पाच मिनिटांनी दार उघडून बघत बसलो. पस्तीस मिनिटांनी जे बाहेर आलं त्याचं वर्णन माझ्या बायकोने एका शब्दात केलं: "पिठलं." वरून थोडी साय धरलेली, खाली तेल साचलेलं, आणि मधे सॉसेज आंघोळीला बसल्यासारखे. लेकीने चमच्याने टोकरून पाहिलं. "शाळेतल्यापेक्षा ओलं आहे," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. "काय करायलायस?" मी नाव सांगितलं, आणि मग हौसेने त्याचा अर्थही सांगितला. "बेडूक?" आईने फोन जवळ घेतला; आता स्क्रीनवर फक्त तिचं कपाळ. "आरं, तिकडं गेलास म्हणून काय पण खात सुटशील व्हय?" बेडूक नाही, सॉसेज आहेत, हे समजावलं. सॉसेज कशाचे, या पुढच्या प्रश्नाला फोनची रेंज गेली.

आजींना मी फोनवर सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. "काचेच्या भांड्यात!" एवढंच दोनदा म्हणाल्या. रविवारी दुपारी मी त्यांना गाडीतून घेऊन आलो. आपल्या जुन्या घराकडे त्यांनी एकदाच पाहिलं, नव्या मालकांनी दाराला लावलेला करडा रंग बघितला, आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसल्या. कोट काढला नाही. पर्स मांडीवर. परीक्षा घ्यायला आलेल्या बाई बसतात तशा.

सॉसेज मी आदल्या दिवशी बरो मार्केटमधून आणून ठेवले होते. हॅलिफॅक्सचं हे मार्केट 1896 साली उघडलेलं. वर काचेचा घुमट, मधोमध मोठं घड्याळ, आणि खाटकांच्या गाळ्यांपुढे अजूनही नावानिशी ओळखणारी गिऱ्हाइकं. इंग्लिश सॉसेजबद्दल माझं मत फार काळ वाईट होतं. गोव्याच्या चोरिसला जो खार, मिरचीचा जाळ आणि व्हिनेगरचा झणका असतो, त्यापुढे हा प्रकार म्हणजे आजारी माणसाचं पथ्य वाटायचं. मऊ, फिकट, आत पावाचा भुगा. पण तो भुगा इथे लपवाछपवीचा नाही, तो त्या सॉसेजच्या घडणीतच आहे. भाजून कोरडा केलेला तो रस्क मांसातून सुटणारा रस आणि चरबी धरून ठेवतो. 'पोर्क सॉसेज' असं नाव लावायचं तर त्यात किमान 42 टक्के डुकराचं मांस हवं, असा नियम आहे. नुसतं 'सॉसेज' म्हणायचं तर 32 टक्क्यांवर भागतं. टंचाईच्या काळात पाणी इतकं असायचं की तव्यावर सालं फुटून आवाज व्हायचा, आणि त्यांना 'बँगर' हे नाव चिकटलं, असं इथले लोक सांगतात. मी घेतले ते सेजच्या पानांचा वास असलेले, लिंकनशर धाटणीचे. गाळ्यावरच्या माणसाने विचारलं, "किती?" मी म्हणालो, "आठ." घरी आल्यावर कागद पुन्हा पाहिला. चार.

"चारच?" मी आजींना विचारलं. "आणि घरात माणसं किती होती?"

"सहा."

मग त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच क्रमाने लिहितो. वडील गालिच्याच्या गिरणीत. आई, वडील, आजोबा आणि तीन पोरं. चार सॉसेज आले तर आई प्रत्येकाचे तीन तुकडे करायची. म्हणजे बारा. वडिलांना तीन, आजोबांना दोन, पोरांना दोन-दोन. आईला किती उरले ते त्यांनी सांगितलं नाही, मला तोंडी हिशोब येतो. "पण कोपरे आमचे," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात पीठ सगळ्यात जास्त चढतं, कुरकुरीत होतं. चार कोपरे आणि तीन पोरं. चौथ्यावरून मारामारी."

इतका वेळ मी या पदार्थाकडे सॉसेजचा पदार्थ म्हणून पाहत होतो. तो तसा नाहीच. तो थोडकं पुरवून खाण्याचा पदार्थ आहे.

हे कळल्यावर जुन्या नोंदी वेगळ्या दिसायला लागल्या. ससेक्समधल्या ईस्ट होथली गावचा दुकानदार थॉमस टर्नर याने 1765 च्या फेब्रुवारीत आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय की आज जेवायला सॉसेज घातलेलं भाजलेलं पुडिंग होतं. आणि ते कसं करतात तेही: थोडा मैदा, दूध, एक अंडं, मीठ, आणि थोडे सॉसेज तुकडे करून. एक अंडं! तुकडे करून! अडीचशे वर्षांपूर्वीचा वाणी आणि आजींची आई एकाच हिशोबाने चालल्या आहेत. त्याआधी 1747 मध्ये हॅना ग्लास या बाईंनी याच पद्धतीने कबुतरं पिठात घालून भाजायला सांगितलं आहे आणि त्याला 'बिळातली कबुतरं' म्हटलंय. मग व्हिक्टोरिया राणीकडे मुख्य आचारी राहिलेले चार्ल्स एल्मे फ्रँकाटेली. राणीची नोकरी सोडल्यावर त्यांनी कष्टकऱ्यांसाठी स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं, आणि त्यात या बेडकासाठी सल्ला दिला की मांसाचे मिळतील ते तुकडे रात्री विक्री संपताना घ्यावेत, तेव्हा स्वस्त मिळतात. मिसेस बीटनने 1861 मध्ये मात्र दीड पौंड चांगलं बीफ आणि मेंढीचा मूत्रपिंड घालायला सांगितला. माझ्या मते तिथे तिचा तोल गेला. दीड पौंड मांस घरात असेल तर माणूस ते पिठात कशाला बुडवेल?

यॉर्कशायरात तर हे उघडच बोलून दाखवायचे. याच पिठाचं, सॉसेज न घालता भाजलेलं यॉर्कशायर पुडिंग आधी, ग्रेव्हीत बुडवून, मांस नंतर. जो पुडिंग जास्त खाईल त्याला मांस जास्त मिळेल, असं पोरांना सांगायचं. पोरं बिचारी मांसाच्या आशेने पुडिंगनेच पोट भरून घ्यायची.

आमच्या घरी हेच होतं, फक्त पुडिंगच्या जागी रस्सा होता. बुधवारी अर्धा किलो मटण, खाणारी सात तोंडं. आई पातेलंभर तांबडा रस्सा करायची आणि पहिली वाटी नुसत्या रश्शाची. भाकरी कुस्करा, भुरका, आणखी घ्या. "रस्सा संपवा आधी, फोडी कुठं पळून जात नाहीत." दोन भाकऱ्या पोटात गेल्यावर प्रत्येकाच्या ताटात दोन फोडी पडायच्या आणि आम्हाला वाटायचं, आज काय चंगळ आहे. आज हॉटेलवाले 'अनलिमिटेड रस्सा' असं कौतुकाने लिहितात. कोल्हापूरचा रस्सा अनलिमिटेड का झाला, हे ज्यांनी पाव किलो, अर्धा किलोचा बाजार केलाय त्यांना विचारावं.

असो, ओव्हन तापला होता.

आजींनी आधी पीठ तपासलं. मी ते तासाभरापूर्वी भिजवून ठेवलं होतं. घावनाच्या पिठाइतकं पातळ, चमच्याच्या पाठीवर साय धरेल एवढं. भिजत ठेवलं की मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, गुठळ्याही विरघळतात. हे घावन-आंबोळ्यांवर वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. मग तेल. त्यांच्या आईच्या वेळी अर्थात बीफ ड्रिपिंग असायचं, म्हणजे बीफ भाजताना गळालेली चरबी. इथल्या कितीतरी फिश अँड चिप्सच्या दुकानांत आजही बटाटे त्याच चरबीत तळतात. नव्याने आलेले आपले शाकाहारी लोक महिनाभर आनंदाने चिप्स खातात आणि मग कुणीतरी सांगतं. आमच्याकडे बीफची चरबी घरात येत नाही. हे आजींना सांगताना मला उगाच संकोच वाटला. त्यांना काही वाटलं नाही. "मग जे कडक तापतं ते घे," त्या म्हणाल्या.

मी साजूक तूप घेतलं. लोणी कढवून बेरी काढून टाकलेली असल्यामुळे तूप चांगलं तापेपर्यंत जळत नाही. मोठे तीन चमचे. इनॅमलच्या भांड्यात तूप आणि सॉसेज, ओव्हन 220 सेल्सिअसवर, पंधरा मिनिटं. सॉसेजना एका बाजूने बदामी रंग आला, ते फिरवले.

"आता परत ठेव. धूर दिसू दे."

"धूर?"

"नुसता तापून चालत नाही, लव्ह. त्याला राग आला पाहिजे."

पाच मिनिटांनी तुपावर निळसर धुराची तार दिसली. स्मोक अलार्म वाजणार म्हणून बायकोने आधीच खिडकी उघडून ठेवली होती. मी भांडं अर्धं बाहेर ओढलं, आजी म्हणाल्या "ओत", आणि मी एका दमात सगळं पीठ ओतलं.

चर्रर्र.

तोच आवाज. आमटीवर फोडणी पडते तोच. कडेचं पीठ त्या क्षणीच उकळून पांढऱ्या झालरीसारखं वर चढलं, सॉसेजच्या भोवती बुडबुडे फुटले, आणि तुपाचा सेजमध्ये मिसळलेला एक वास आला जो मी आजवर कुठल्याच स्वयंपाकघरात घेतला नव्हता. थोडा अनारशाचा, थोडा जंगलाचा. काचेचं भांडं का चाललं नाही, तेही तेव्हा उमगलं. काच हळू तापते आणि हळूच उष्णता सोडते. लोखंडाचा पातळ पत्रा ओव्हनचा सगळा जाळ तळातून पिठाला देतो. यात सोडा नाही, यीस्ट नाही. पिठातल्या पाण्याची एकदम वाफ होते, ती वाफ पीठ उचलते, आणि ते खाली बसायच्या आत अंड्यातली प्रथिनं घट्ट होऊन उचललेलं तसंच धरून ठेवतात. पुरी फुगते तीच वाफ, फक्त इथे तिला झाऱ्याने दाबायला कुणी नाही.

"आता दार उघडायचं नाही," आजी म्हणाल्या. "पंचवीस मिनिटं. मला विचारायचंही नाही."

ओव्हनच्या काचेसमोर लेक मांडी घालून बसली. आठव्या मिनिटाला कोपरा काठाच्या वर आला. पंधराव्या मिनिटाला डावी बाजू उजवीपेक्षा बरीच चढली आणि सॉसेजची पाठ तेवढी बाहेर राहिली. ती मिनिटागणिक बातम्या देत होती. या फुगण्याचं इथल्या लोकांना इतकं वेड आहे की 2008 मध्ये रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने जाहीर केलं, चार इंचांहून कमी उंचीचं ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे. अमेरिकेत रॉकी पर्वतात राहणाऱ्या एका इंग्रजाची पुडिंगं फुगेनात, त्याने विचारणा केली, त्यावरून हा निवाडा झाला. रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेने एवढं मनावर घेतलं हे वाचून मला या देशाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. पुरणपोळीचं पुरण काठापर्यंत जायलाच हवं की नको, यावर आपल्याकडे अशी संस्था असती तर निवडणूकच लागली असती.

दरम्यान मी कांद्याची ग्रेव्ही करत होतो. तीन मोठे कांदे उभे चिरून, मंद आचेवर पाऊण तास, पार तांबूस आणि गोड होईपर्यंत. मग चमचाभर मैदा, गरम स्टॉक, थोडी मोहरीची पेस्ट. बायकोने कांदा-लसूण मसाल्याची बरणी हळूच पुढे सरकवली. मी ती तितक्याच हळूच मागे सरकवली. आमच्या घरात हा जुना वाद आहे. तिच्या मते मसाल्याने बिघडलेला पदार्थ तिने अजून पाहिलेला नाही. मी म्हणतो, या जेवणात एकच वास आहे, सेजचा, आणि तोही हळू बोलणारा आहे. कांदा-लसूण मसाला आला की त्याला बोलूच देणार नाही. प्रत्येक परक्या पदार्थाला आपला मसाला चोपडून 'आता कसं छान लागतंय' म्हणण्याची आपली खोड मला फार काळ गोड वाटायची, आता तितकीशी वाटत नाही. बरणी टेबलावर ठेवली. ज्याला हवा त्याने आपल्या ताटात घ्यावा.

मग आजी उठल्या. कोट घातलेलाच होता. त्यांनी ओव्हनचं दार उघडलं आणि भांडं बाहेर काढायला मला हात केला.

चार इंच मी मोजले नाहीत. डावा कोपरा नक्की होता. कडा गडद तपकिरी, मधे सोनेरी, आणि त्या खळग्यांत आठ सॉसेज, काही पूर्ण बुडालेले, काहींचं नुसतं नाक बाहेर. टेबलावर आणेपर्यंत मधला भाग उसासा टाकल्यासारखा थोडा खाली बसला. सुरी घातली तसा वरच्या पापुद्र्याचा करकर आवाज आला. आत मऊ, ओलसर, अंड्याचा. तळाला तूप पिऊन झालेला पातळ खरपूस थर. लेकीने तळ उलटून पाहिला आणि मान डोलावली. पास.

आजींच्या ताटात मी मधला मोठा भाग आणि तीन सॉसेज वाढायला घेतले, तर त्यांनी ताट मागे ओढलं. "एक पुरे. आणि कोपरा दे."

चार कोपरे, चार माणसं. भांडायचं कारणच नव्हतं. तरी लेकीने आपला कोपरा खाऊन माझ्याकडे पाहिलं आणि मी माझा दिला. तो क्षणभर आजींच्या नजरेत आला असावा, कारण त्या म्हणाल्या, "माझी आई म्हणायची, मला कोपरे आवडत नाहीत. कडक असतात, दाताला लागतात." त्यांनी ग्रेव्हीत एक तुकडा बुडवला. "ती गेल्यावर आठ-दहा वर्षांनी माझ्या लक्षात आलं."

मटणाच्या दिवशी आमची आई सगळ्यात शेवटी बसायची. पातेल्याच्या तळाचा रस्सा आणि भाकरी. "मला नळीच आवडते," असं म्हणून चोखायला हाड घ्यायची. मी हे टेबलावर बोललो नाही. इंग्रजीत 'नळी'ला काय म्हणायचं ते चटकन सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी.

जेवण झाल्यावर भांडं घासायला मी तारेची घासणी घेतली, तेव्हा आजी पहिल्यांदा रागावल्या. गरम पाणी, मऊ फडकं, बस. इतक्या वर्षांचा तो काळा थर घासून काढायचा नसतो. भाकरीचा तवा कुणी पांढरा करत बसतं का? हे मी मनात म्हटलं आणि घासणी ठेवून दिली.

दोन सॉसेज आणि तळाचा एक चौकोन उरला होता. उद्या सकाळी गारच खाईन, तपकिरी सॉस लावून, असं म्हणत त्या ते घेऊन जायला तयार झाल्या. मी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून दिलं. पोचवायला गेलो तेव्हा लिफ्टपाशी त्यांनी मला विचारलं, "आईला सांगितलंस का, बेडूक जमला म्हणून?"

रात्री सांगितलं. आईने आधी, माणसं किती होती ते विचारलं. मग, तुकडे किती. चार आणि आठ, मी म्हणालो. "मग काय," आई म्हणाली, "त्यात पीठ कशाला घालायचं?"

पुढच्या आठवड्यात आमच्या दाराच्या फटीतून एक लिफाफा आत पडला. आजींची मुलगी जाताना टाकून गेली असावी. आमच्या आईच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या गजावर दुधाच्या पिशव्या धुऊन, उलट्या करून वाळत घातलेल्या असतात, तशा वाटणाऱ्या सुरकुत्या त्यातल्या वस्तूवर होत्या. फॉइल होती ती. धुतलेली, पुसलेली, हाताने सपाट करून चौपदरी घडी घातलेली.